न वाजणारा डायनामो

मी बोलतोय. इकडेतिकडे पाहू नका, खाली पाहा. सायकलच्या पुढच्या चाकाच्या मधोमध, जिथून छत्तीस स्पोक निघतात ना, तिथं. मी डायनामो आहे. पण टायरला घासून घर्रर करणारा तो नव्हे. मी चाकाच्या हबमध्येच राहतो आणि अजिबात वाजत नाही. याच न वाजण्याचा मला फार गर्व होता. तो कसा उतरला ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पोटातलं ओझं थोडं तरी हलकं होईल.

माझा जन्म विलायतेतला. तिथलं फारसं आठवत नाही. थंडी आठवते आणि तेलाचा वास. रेल्वेच्या एका साहेबाच्या सायकलीत बसून मी पांढुर्ण्याला आलो. साहेबाची बदली झाली, सायकल मोडीत निघाली, आणि मी स्टेशन रोडवरच्या देवीदास मिस्त्रींच्या दुकानात एका पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. तुटके पेडल, गंजलेले छर्रे आणि मी. बारा वर्षं! कुणी डबा हलवला की मी दचकायचो. वाटायचं, आता भंगारात गेलो.

माझ्या पोटात दोन जीव आहेत. एक तारेचं वेटोळं, ते आसाला घट्ट धरून असतं. दुसरं लोहचुंबकाचं वलय, ते वेटोळ्याभोवती चाकाबरोबर फिरतं. वलय फिरलं की वेटोळ्यात वीज येते आणि हँडलवरचा दिवा लागतो. चाक थांबलं की दिवाही थांबतो. एवढंच माझं शास्त्र.

शहाऐंशीच्या जुलैमध्ये विजयमाला दुकानात आली. राहणारी सौंसरची, बी.ए. झालेली, पांढुर्ण्याला आत्याकडे आलेली. घरात मायलेकी दोघीच. तिला प्रौढ शिक्षणाच्या वर्गाचं काम मिळालं होतं. सौंसरपासून चार मैलांवरचं खेडं, आणि वर्ग संध्याकाळी, बायका शेतातून परतल्यावर. तिच्या आईनं, शकुंतलाबाईंनी, एकच अट घातली होती : सायकलला दिवा असेल तर जा, नाहीतर नको.

मिस्त्रींनी आधी टायरवरचा डायनामो दाखवला. चाक उचलून फिरवलं. घर्रर! विजयमाला अशी दचकली की हातातली छत्री खाली पडली.

"बापा! केवढा ओरडतो हा!"

"ओरडते मनूनच उजेड देते, बाई. मुकाट्यानं कोनी काही देते काय या जगात?"

"पण आमच्याकडे काळी माती आहे काका. टायरला चिखल लागला तर?"

"तं घसरते. खोटं काहून सांगू? पान्याच्या दिवसात घडीघडी पुसा लागते."

मग त्यांनी हँडलला अडकवायची बॅटरी दाखवली. "हे बिना आवाजाचं. पन सेल कवा दगा देईन, देवाले मालूम."

तिनं तीही हातात घेतली, परत ठेवली. पुन्हा पहिला डायनामो पाहिला, लांबूनच. ती फार वेळ लावत होती. मिस्त्रींनी बिडी विझवली आणि माझा डबा ओढला. मी दचकलो.

"एक हाय. इंग्रजाचा. घासत नाही, घसरत नाही, आवाज त बिलकूल नाही. पन जड हाय, अन नखरेल हाय."

त्यांनी मला मुठीत धरून गरगर फिरवलं, दोन तारा बल्बला लावल्या. बल्ब उजळला. बारा वर्षांनी! विजयमालाच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला आणि ती हसली.

"हाच द्या काका. आवाजानं माझा जीवच घाबरतो."

फळीवरच्या त्या घर्रर करणाऱ्याकडे मी तेव्हा तुच्छतेनं पाहिलं. गावंढळ, असं मनात म्हटलं. ते मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते.

मिस्त्रींनी मला नव्या रिममध्ये बांधून दिलं. सोबत साध्या लोखंडाचं एक कडं दिलं, तळहाताएवढं. "हे जपून ठेवजो, बाई. याले कधी खोलाचं नाही. खोलाचीच पाळी आली तं वलय बाहेर निंघता निंघता हे कडं त्याच्यात सरकवाचं. नाही तं चुंबकाचा जीव उडून जाते. समजलं?"

"हो काका, हो," ती म्हणाली. पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. चारची सौंसरची बस चुकली तर आई काळजी करेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मी पाहत होतो. ते शब्द तिच्या कानावर आले आणि बाहेरच्या बाहेर निघून गेले.

बसमध्ये तिनं मला टपावर टाकू दिलं नाही, मांडीवर धरलं. शेजारचा एक शेतकरी म्हणाला, "बाई, बाकीची सायकल मागून येऊन राहिली काय?" सगळी बस हसली. ती लाजली, पण तिनं मला सोडलं नाही.

माझे चांगले दिवस ते. रोज संध्याकाळी संत्र्यांच्या बागांमधून जाणारी ती गाडीवाट, चाकाखाली मऊ माती आणि पुढं माझा पांढरा उजेड. ससे थबकून पाहायचे. मी वाजत नसे, म्हणून तिला रातकिडे ऐकू येत आणि ती हळू आवाजात गुणगुणत असे. वर्ग शाळेच्या ओट्यावर कंदिलाच्या उजेडात भरायचा. ओट्याला टेकवलेल्या सायकलीतून मला सगळं ऐकू यायचं.

वर्गात सगळ्यात म्हातारी होती मनकर्णा. तिची नात सुनंदा त्याच शाळेत दुसरीत होती; पोरीचे आईबाप नव्हते, सांभाळ आजीचा. पहिल्याच दिवशी मनकर्णेनं सांगून टाकलं, "मले पुस्तक-बिस्तक काही नोको, बाई. मले माही सही पायजे."

"सही कशासाठी, आजी?"

"पोरीचा निकालाचा कागद येते ना घरी? पालकाची सही मागते मास्तर. मी अंगठा मारतो. अन हे कारटी खोडरबरानं खोडते माहा अंगठा! शाईचा अंगठा खोडल्या जाते काय? मागच्या बारीले कागद फाटला, पन अंगठा तसाच."

बायका हसल्या. मनकर्णाही हसली. पण ती पाटीवर ज्या जोरानं पेन्सिल दाबायची, त्यावरून मला कळायचं की ते हसणं वरवरचं आहे. सहामाहीचा निकाल दिवाळीनंतर येणार होता. तोवर तिला सही हवी होती. दसऱ्यापर्यंत तिचं 'मन' बरं जमू लागलं होतं, 'कर्णा' अजून ओळीबाहेर पळत होतं.

आणि खंडेनवमी आली.

आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं, अवजारं, गाड्या धुऊनपुसून पूजतात. विजयमालाला वाटलं, ज्याच्या भरवशावर आपण रोज अंधारातून येतो, त्याला वरवर कसं पुसायचं? आतून पुसू. तिनं आईच्या शिलाई मशीनचा पेचकस घेतला, माझे चार स्क्रू काढले आणि वलय बाहेर ओढलं. कडं न लावता.

माझ्या पोटात काहीतरी सटकन रिकामं झालं. दुखलं नाही, म्हणूनच भीती वाटली.

ते कडं कुठं होतं, माहीत आहे? दहा पावलांवर, स्वयंपाकघरात. शकुंतलाबाई त्यावर चहाचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवत. "कायचं हाय मालूम नाही, पन गंज हालत नाही याच्यानं," असं त्या म्हणायच्या.

तिनं वलय घासलेटनं पुसलं, वेटोळं पुसलं, दोघांना हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी हात लावत नाहीत, म्हणून आम्ही दोघं दसऱ्यापर्यंत पाटावर वेगवेगळे पडून होतो. आणि खरं सांगू? मी फुगलो होतो. पूजा होत होती ना माझी! आत रिकामा झालो आहे हे कळत असूनही मी कुंकवात रमलो.

दसऱ्यानंतर तिनं मला जोडलं. उजेड पिवळा पडला होता. "बल्ब जुना झाला असेल," ती आईला म्हणाली, "रविवारी पाहते." पण कोजागिरी जवळ आली होती. वाटेवर दुधासारखं चांदणं. त्या चांदण्यात माझा उजेड आहे की नाही हे कुणाला कळणार? रविवार आला, गेला. चांदण्यानं माझं पाप झाकून ठेवलं.

कोजागिरी सरून पाच-सहा दिवस झाले. चंद्र उशिरा उगवू लागला. दिवेलागण होऊन गेली होती, आणि दोन्ही बाजूंच्या संत्र्याच्या झाडांनी वाट काळी केली होती. माझा उजेड लिंबाएवढा. पुढच्या पुढंच पडून विझल्यासारखा.

मनकर्णा शेतातून थेट वर्गाला निघाली होती. गाडीच्या चाकोरीतून चालत, हातात पाटी. तिला मागून काही ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. मी न वाजता येत होतो.

हँडल हादरलं. चाक थांबलं. आणि चाक थांबलं म्हणजे मीही विझलो. त्या अंधारात फक्त एक आवाज : "माय वं!"

"कोण? कोण आहे? आजी?" विजयमाला मातीत हातानं चाचपडत होती. तिला काही दिसेना. मग तिनं काय केलं, सायकलचं हँडल एका हातानं उचललं आणि दुसऱ्या हातानं पुढचं चाक फिरवलं. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला. त्या मिणमिण उजेडात दिसलं : फुटलेली पाटी, आणि मनकर्णेचा उजवा हात, मनगटात भलतीकडेच वळलेला.

चाक थांबलं, पुन्हा अंधार झाला. अंधारातच विजयमाला रडू लागली.

"रडू नोको," मनकर्णा दात आवळून म्हणाली. "अन कोनाले सांगू नोको. बाईनं म्हातारी पाडली मनतीन, अन उद्यापासून वर्ग बंद. माहं 'कर्णा' राहिलं हाय अजून."

"मग लोकांना काय सांगायचं?"

"बैलानं पाडलं असं मन. रस्त्यानं बैल जातच राह्यते."

विजयमालानं नुसती सायकल उभी केली. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणजे हो.

दुसऱ्या दिवशी मनकर्णेचा हात सौंसरला नेऊन प्लास्टरमध्ये घातला, आणि गावानं बैल शोधायला घेतला. शालिकरामभाऊंचा चांद्या दोन दिवसांपूर्वी दावं तोडून बागेत शिरला होता. झालं! चांद्याच तो. जो तो शालिकरामभाऊंना टोचू लागला, "काय भाऊ, बैल पोसून राहिले का वाघ?" शेवटी त्यांनी वैतागून चांद्याच्या गळ्यात लोढणं अडकवलं. लोढणं म्हणजे लाकडाचा ओंडका. बैल चालला की तो पुढच्या पायांवर आपटतो, मग त्याला पळता येत नाही.

शालिकरामभाऊंचा गोठा शाळेच्या वाटेवरच होता. रोज संध्याकाळी आम्ही तिथून जायचो आणि तो आवाज यायचा. खट्, खट्. विजयमाला दर वेळी दचकायची. ती आता वाटभर घंटी वाजवत यायची, कुणी असो वा नसो. पण तो खट् खट् घंटीखालून ऐकू यायचाच. चांद्याच्या गुडघ्यांवर सोलवटलं होतं. तो डोळे वर करून पाहायचा. तो तिच्याकडे पाही की माझ्याकडे, कुणास ठाऊक. मला वाटायचं, माझ्याकडेच.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला पांढुर्ण्याला नेलं. मिस्त्रींनी मला उघडलं आणि वलयाला पेचकस लावला. पूर्वी तो टक्कन चिकटायचा. आता गळून खाली पडला.

"खोललं होतं?"

"दसऱ्याला. पुसायला."

"कडं सरकवलं होतं?"

ती पांढरी पडली. "कोणतं... ते कडं? ते चहाच्या गंजाखाली आहे."

मिस्त्रींनी पडलेला पेचकस उचलून ठेवला. मग म्हणाले, "इथं उभी होती तू, बाई. याच जागेवर सांगतलं होतं मी."

"मी बसकडे पाहत होते काका," ती म्हणाली. मग एकदम, "शाळेत लोहचुंबकांच्या खोक्यात त्या लोखंडी पट्ट्या ठेवायचे! दरवेळी सर ओरडायचे, पट्ट्या लावून ठेवा म्हणून. मला माहीत होतं. मला माहीत होतं हे!"

"आता याच्यात जीव भराची मशीन इथं नाही. नागपुरात बी असल नसल." त्यांनी फळीवरून टायरचा डायनामो काढला, चाक फिरवलं. घर्रर! ती या वेळी दचकली नाही.

"हाच बसवा. जितका ओरडेल तितका चांगला."

माझी वायर कापली गेली.  

सुट्टीनंतरचा पहिला वर्ग. आम्ही घर्रर करत शाळेपर्यंत पोचलो तेव्हा ओट्यावर हशा पिकला. "बाईनं गिरनी आनली काय वं दळाची?" शालिकरामभाऊंची बायको सुशीला म्हणाली. शालिकरामभाऊ तिला पोचवायला आले होते, ते अजून तिथंच उभे होते. मनकर्णा गळ्यात हात अडकवून भिंतीशी बसली होती.

विजयमाला खाली बसली नाही. 

"चांद्यानं पाडलं नाही आजींना. मी पाडलं. माझ्या सायकलनं. माझा दिवा मीच बिघडवला होता, आणि वर अठरा दिवस गप्प बसले."

 मग सुशीला मनकर्णेकडे वळली, "अन तू वं मनकर्णे? सही शिकाच्या आंधी खोटं बोलनं शिकली काय?"

"तं काय करू?" मनकर्णा उसळली. "खरं सांगतलं असतं तं बाई गेली असती, अन मी अंगठाच मारत बसली असती जन्मभर!"

शालिकरामभाऊ ओट्याजवळ आले. "पंधरा दिवस लोढनं वागोलं माह्या बैलानं. त्याची माफी कोन मागन?"

"मी मागते, भाऊ."

"मले नोको मागू. त्याले माग."

आणि तिला जावं लागलं. सगळा वर्ग कंदील घेऊन मागोमाग, मला ओट्याला टेकवून. गोठा समोरच, म्हणून मला दिसत होतं. तिनं चाचरत चांद्याच्या गळ्याला हात घातला. त्यानं फूंऽ केलं. ती किंचाळून दोन हात मागं उडाली. "घाबरू नोको, बाई, त्यानं कोनालेच पाडलं नाही!" शालिकरामभाऊ म्हणाले, आणि सगळ्या बायका पोट धरून हसल्या. तिनं दोरी सोडली. ओंडका खाली पडला. चांद्यानं मान झाडली आणि कडब्याकडे वळला. तेवढ्यानं त्याचा हिशेब मिटला असेल. तिचा आणि माझा नाही.

त्याच आठवड्यात सहामाहीचा निकाल आला. सुनंदानं तो कागद ओट्यावर आणून ठेवला. मास्तरांना शनिवारी परत हवा होता, आणि आजीचा उजवा हात अजून महिनाभर प्लास्टरात.

"मी मास्तरांना सांगते," विजयमाला म्हणाली, "की माझ्यामुळे..."

"काही सांगू नोको. पेन दे." मनकर्णेनं डावा हात पुढं केला. "अठरा दिवस मी काय झोपून होती काय घरी? चुलीपुढं राखेत गिरवत होती."

पेन डाव्या हातात नीट बसेना. विजयमालेच्यानं पाहवेना. तिनं वाकून तो हात आपल्या हातात धरला, वळण द्यायला.

"हात सोड," मनकर्णा म्हणाली. "माही सही होय, तुही नोहे."

विजयमालेनं हात काढून घेतला. कंदिलाजवळ सगळ्या वाकल्या होत्या. अक्षरं वादळात सापडलेल्या झाडांसारखी एका बाजूला झुकलेली, पण एकही ओळीबाहेर गेलं नाही. मनकर्णा. सुनंदानं कागद उचलला, कंदिलाशी नेला, बराच वेळ पाहिला. तिच्या दुसऱ्या मुठीत खोडरबर होतं. ते तिनं दप्तरात टाकून दिलं.

तर अशी माझी कथा. आता मी एक साधा हब आहे. चाक फिरतं तसा फिरतो. उजेड देणारा तो शेजारी, वर टायरला लागून बसलेला. तो ओरडतो, घसरतो, चिखलात अडतो आणि विजयमाला उतरून त्याला पदरानं पुसते. मी त्याला आता मनातल्या मनातही गावंढळ म्हणत नाही. गाडीवाटेवर त्याचा आवाज आला की पुढं चालणारी मनकर्णा मागं न पाहताच बाजूला सरते आणि म्हणते, "ये वं बाई, आयकू आली!" तिचं मनगट थंडीत अजून दुखतं. ती सांगत नाही, पण पाटी ती आता डाव्या हातात धरते, एवढं मला दिसतं.

ते कडं शकुंतलाबाईंच्या गंजाखालीच आहे. आता काढून काय उपयोग? गंज मात्र हलत नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याची पूजा वरूनच करा. आतून पुसायचाच झाला, तर ज्यानं तो दिला त्याचे शब्द आधी आठवा. आणि कधी एखाद्या मुक्या वाटेनं गेलात, तर थोडा आवाज करत जा. पुढं कुणीतरी पाटी घेऊन चाललेलं असतं.

एवढंच. ती आली, सायकल काढते आहे. मला फिरायला हवं.